पालखेडचा बाजीराव आणि त्याचे चरित्रकार

नोव्हेंबर १७२७ च्या सुरुवातीला पेशवा बाजीराव बल्लाळ याचे घोडदळ जालना आणि सिंदखेड या निजामाच्या परगण्यांत शिरले. निजामाचा सरदार ऐवजखान आडवा आला. जालन्याच्या परिसरात चकमक झाली आणि मोठी लढाई अंगावर न घेता बाजीराव पूर्वेकडे सरकला. माहूर, मंगरूळ आणि वाशीम ही त्याची पुढची ठिकाणे. सिंदखेडहून वाशीमकडे जाताना लागणारा मुलूख आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर तालुक्यांचा आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, गोदावरीच्या उत्तरेला वैजापूरजवळच्या पालखेड येथे, निजाम-उल्-मुल्क आपल्या सर्व फौजेसह कोंडला गेला. या मोहिमेचा शेवट सर्वांना माहीत असतो. तिचा वऱ्हाडातला आरंभ क्वचितच सांगितला जातो.

बाजीरावाचे नाव गेली अडीचशे वर्षे सेनापतीचा आणि नेतृत्वाचा नमुना म्हणून घेतले जात आहे. बखरकारांनी ते घेतले, कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने घेतले, पुण्यातल्या संशोधकांनी आणि एका ब्रिटिश फील्ड मार्शलने घेतले, कादंबरीकाराने घेतले आणि आज व्यवस्थापनाचे वर्ग घेणारे व्याख्याते घेतात. प्रत्येकाचा बाजीराव थोडा वेगळा आहे, कारण प्रत्येकाची गरज वेगळी होती.

बाजीराव आणि निजाम यांची ओळख पालखेडच्या आधीची. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मृत्यूनंतर छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावाला दिली तेव्हा तो विशीतही आलेला नव्हता. पुढच्याच जानेवारीत चिखलठाण येथे त्याची निजामाशी पहिली भेट झाली. १७२४ पर्यंत अशा आणखी भेटी झाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निजामाचे आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचे युद्ध जुंपले ते सिंदखेड परगण्यातल्या साखरखेर्डा येथे. बादशहा महंमदशहाची फूस मुबारिझखानाला होती. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी तो रणात पडला आणि निजाम दख्खनचा स्वतंत्र धनी झाला. हैदराबादच्या असफजाही राज्याची खरी सुरुवात इथून धरतात. निजामाने विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले. या मोहिमेत बाजीराव निजामाच्या बाजूने होता असे मराठी इतिहासकार मानतात. तसे असेल तर निजामाची युद्धाची रीत, त्याचा तोफखाना, त्याची जय्यत मांडणी आणि त्या मांडणीला लागणारा वेळ हे सारे त्याला जवळून पाहायला मिळाले. पुढच्या तीन वर्षांतच ते ज्ञान कामी आले.

१७२७ मध्ये निजामाने मराठ्यांच्या गादीचा वाद उकरून काढला. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांपैकी खरा छत्रपती कोण, याचा निवाडा दख्खनचा सुभेदार या नात्याने आपण करू, तोवर चौथ आणि सरदेशमुखी थांबवू, अशी त्याची भूमिका होती. चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर यांच्यासारखे नाराज मराठे सरदार त्याच्याकडे होते. बाजीराव तेव्हा नुकताच कर्नाटकच्या स्वारीवरून परतला होता. पावसाळा सरताच त्याने निजामावर सरळ चाल न करता त्याच्या मुलखात हात घातला. जालना, सिंदखेड, मग वऱ्हाडचा दक्षिण भाग. बऱ्हाणपूर लुटणार अशी हूल त्याने उठवली. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला उत्तरेकडे धावला, तोवर बाजीराव खानदेशातून तापी ओलांडून गुजरातेत उतरला. तिथे ही स्वारी निजामाच्या संमतीने होत आहे अशी बातमी पेरली गेली आणि गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान निजामाविषयी साशंक झाला. एकाच चालीने शत्रूचा मुलूख उजाड झाला आणि त्याचा संभाव्य मित्रही तुटला.

पाठलागाचा उपयोग नाही हे उमगल्यावर निजामाने पुणे गाठले. बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा याने शाहू महाराजांना पुरंदरच्या आश्रयाला नेले होते. निजामाने पुण्यात संभाजी महाराजांना छत्रपती म्हणून पुढे केले आणि आसपासचा मुलूख तुडवला. इथे बाजीरावाच्या निश्चयाची कसोटी लागली. आपले घर शत्रूच्या हाती असताना बहुतेक सेनापती घराकडे वळले असते. तो वळला नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये तो खानदेशातून थेट औरंगाबादच्या रोखाने निघाला. राजधानी धोक्यात येताच निजामाला पुणे सोडावे लागले. वेग वाढावा म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या आणि पुणतांब्याच्या बाजूने गोदावरी ओलांडली. ज्या तोफखान्यावर त्याची सारी भिस्त, तोच मागे राहिला. पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला सर्व बाजूंनी गराडा घातला, दाणा-वैरण तोडली आणि पाण्याच्या वाटा अडवल्या. मोठी लढाई झालीच नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला आणि हुसकावलेले मराठी कमाविसदार पुन्हा बसवण्याचे कबूल केले. संभाजी महाराजांना मात्र त्याने बाजीरावाच्या हवाली केले नाही. त्यांना पन्हाळ्याकडे जाऊ देण्याची अट त्याने मान्य करून घेतली. म्हणजे पूर्ण कोंडलेल्या शत्रूनेही एक मुद्दा राखला होता. पुढच्या आदर्शवादी वर्णनांतून हा तपशील हळूहळू गळत गेला.

या मोहिमेचा आदर्श म्हणून पहिला वापर मराठ्यांनीच केला आणि तो विजयाच्या नव्हे, पानिपतच्या पराभवाच्या निमित्ताने. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडच्या परिसरात दत्ताजी शिंदे आणि इतर सरदारांनी निजाम-उल्-मुल्काचा मुलगा निजामअली याला जेरीस आणले आणि तह साखरखेर्ड्यास झाला, तेव्हा जुनी पद्धत अजून जिवंत होती. १७६० मध्ये मात्र सदाशिवरावभाऊ पानिपतावर गेला तो जड तोफखाना, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा लवाजमा घेऊन. बखरींतून मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट भाऊला सांगताना दिसतात की जड सामान मागे ठेवा, घोड्यावर लढा, गनिमाची रसद तोडा. मल्हारराव हा बाजीरावाच्या हाताखाली वाढलेला सरदार. त्याच्या तोंडी आलेला हा सल्ला म्हणजे थोरल्या बाजीरावाच्या काळाची आठवण होती. पानिपतानंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला बाजीराव हे एक माप मिळाले: भाऊ त्याच्या पद्धतीने लढला असता तर? हे माप भाऊवर काहीसे अन्यायाचेच होते. १७२८ चा निजाम आपल्या राजधानीला बांधलेला होता. पानिपतावर समोर असलेल्या अहमदशहा अब्दालीला दख्खनमध्ये वाचवण्यासारखे काहीच नव्हते. पण पराभूत पिढीला हा फरक पाहण्याची सवड नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस आणि कृष्णाजी विनायक सोहनी यांच्या बखरी लिहिल्या गेल्या. दरबारी परंपरेतून आलेल्या या लेखनात बाजीरावाचे नेतृत्व प्रसंगांतून उभे राहते. सर्वांत गाजलेला प्रसंग साताऱ्याच्या दरबारातला. प्रतिनिधी श्रीपतराव सांगतो की आधी घरची व्यवस्था लावा, कर्नाटक सांभाळा. तरुण पेशवा सांगतो की मोगल सत्तेचे खोड पोखरले आहे, त्यावरच घाव घाला म्हणजे फांद्या आपोआप पडतील. शाहू महाराज प्रसन्न होतात आणि उत्तरेची दिशा ठरते. हा संवाद शब्दशः कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो बखरकारांनी रचला. तरी त्यातला मतभेद खरा होता. प्रतिनिधी आणि पेशवा यांच्यातले धोरणाचे अंतर पुढे जंजिऱ्याच्या मोहिमेपर्यंत टिकले. याच काळात एक दंतकथाही प्रचलित झाली. मोगलांनी बाजीरावाचे चित्र काढायला चित्रकार पाठवला आणि त्याने जे चित्र आणले त्यात पेशवा साध्या शिलेदाराच्या पोशाखात, घोड्यावर बसल्याबसल्या, कणसे हातावर चोळून दाणे खात चालला होता. कथा खरी असो वा नसो, तिने बाजीरावाच्या सैन्याचे एक सत्य नेमके पकडले आहे: तंबू, पालख्या आणि मुदपाकखाना नसलेली फौजच वऱ्हाडातून गुजरातेत आणि गुजरातेतून औरंगाबादेकडे इतक्या लवकर जाऊ शकते.

जेम्स ग्रँट डफ याने अशा बखरी आणि कागदपत्रे साताऱ्यात बसून गोळा केली. १८१८ नंतर तो तिथे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला आणि काही वर्षांतच डेव्हिड केपन याने केलेले त्याचे मराठी भाषांतरही निघाले. योजना आखणारे डोके आणि ती तडीस नेणारे हात या दोन्ही गोष्टी बाजीरावाकडे होत्या, असा ग्रँट डफचा अभिप्राय आहे. पुढच्या शंभर वर्षांत लिहिणाऱ्यांनी तो इतक्या वेळा वापरला की तो कोणाचा हे विसरले गेले. ग्रँट डफचा हेतू मात्र स्तुतीचा नव्हता. नुकतेच जिंकलेले राज्य कसे उभे राहिले आणि का कोसळले हे कंपनीच्या अधिकाऱ्यांना समजावे, असा तो प्रयत्न होता. म्हणून त्याने बाजीरावाच्या कर्जाचीही नोंद घेतली. पेशव्याने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने आपण नरकात पडल्यासारखे झालो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून कपाळ झिजले आहे, अशा आशयाचा आक्रोश आहे. ही पत्रे नेतृत्वाच्या कुठल्याही आदर्शात बसत नाहीत, पण बाजीराव समजून घ्यायचा तर ती सर्वांत महत्त्वाची आहेत. शिलेदाराचे घोडे त्याचे स्वतःचे असे. पगार थकला की तो घोड्यासह निघून जाई. चौथ म्हणजे आधी काढलेल्या कर्जाची फेड होती. घोडदळाचा वेग सावकाराच्या पैशावर उभा होता, आणि त्या पैशाची मुदत संपायच्या आत मोहीम यशस्वी करावी लागे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८७८ पासून काव्येतिहाससंग्रहाने जुन्या बखरी छापायला घेतल्या. परकीयांनी लिहिलेल्या इतिहासावरची नाराजी हे या चळवळीचे बळ होते. मराठे लुटारू होते या ठपक्याला उत्तर देण्यासाठी अटकेपार झेंड्याच्या वारशाचे वर्णन होऊ लागले, आणि त्यात बाजीरावाला मोठे स्थान मिळाले. तरी राष्ट्रीय आदर्श म्हणून पहिले स्थान शिवाजी महाराजांचेच राहिले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर लिहिले ते मुख्यतः शिवकालावर. लोकमान्य टिळकांनी उत्सव सुरू केला तोही शिवजयंतीचा. याची कारणे स्पष्ट होती. शिवाजी महाराजांनी राज्य, अष्टप्रधान, किल्ले आणि आरमार निर्माण केले. बाजीराव हा छत्रपतींचा सेवक होता आणि त्याची कीर्ती मोहिमांची होती. शिवाय पेशवाई या शब्दाभोवती दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील अन्यायाची स्मृती जमा झाली होती, आणि सत्यशोधक लेखकांनी ती लोकांसमोर निर्भयपणे मांडली. थोरल्या बाजीरावाला त्या स्मृतीपासून वेगळे काढणे अनेकांना जमले नाही, काहींनी तसा प्रयत्नही केला नाही. जातीच्या अभिमानासाठी त्याचे नाव वापरणाऱ्यांनी हे काम आणखी अवघड केले. त्याचे सरदार कोण होते हे पाहिले तरी त्या अभिमानाचा पाया किती कच्चा आहे हे कळते: मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार, पिलाजी जाधवराव. ही माणसे निवडणे, त्यांच्यावर भिस्त टाकणे आणि उत्तरेत त्यांना मुलूख देऊन उभे करणे हे बाजीरावाचे मोठे कर्तृत्व होते.

हे कर्तृत्व पुराव्यानिशी मांडले ते गोविंद सखाराम सरदेसायांनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत असताना त्यांनी मराठी रियासतीचे काम हाती घेतले. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. हे दप्तर म्हणजे हजारो रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे. त्यातून बाजीरावाच्या मोहिमा तारीखवार उभ्या राहू लागल्या. कोणत्या दिवशी मुक्काम कुठे, जासूद कोणती बातमी घेऊन आला, पैसा कुठून निघाला हे दिसू लागले. बाजीरावाने चिमाजी आप्पाला १७३७ च्या दिल्लीच्या स्वारीनंतर लिहिलेले पत्र या लेखनात पुन्हापुन्हा येते. दुआबात मल्हाररावाच्या फौजेला अवधचा सुभेदार सादतखान याने मागे रेटले होते आणि मराठ्यांना आपण चंबळेपार घालवले अशी फुशारकी बादशहाला कळवली होती. बाजीरावाने मोगलांच्या मोठ्या फौजांना बगल देऊन एकदम दिल्लीच्या वेशीवर यायचे ठरवले, ते आपण हिंदुस्थानात आहोत हे बादशहाला दाखवण्यासाठी. शहर जाळायचा बेत मात्र त्याने सोडला. बादशहा बुडाला तर आपला फायदा नाही आणि राजकारणाचा धागा तुटतो, हा त्याचा विचार पत्रात आहे. या एका पत्रात नेतृत्वाविषयी जितके सापडते तितके कित्येक चरित्रांत सापडत नाही. हाताखालच्या सरदाराचा पराभव तो लपवत नाही, त्याची भरपाई कशी केली ते सांगतो, आणि जिंकण्याच्या क्षणी हात का आखडला याचे कारणही देतो.

सरदेसायांचे मित्र यदुनाथ सरकार यांचा पेशव्यांविषयीचा दृष्टिकोन अधिक कठोर होता. व्ही. जी. दिघे यांचा बाजीराव आणि मराठ्यांचा विस्तार या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत सरकारांनी बाजीरावाला जन्मजात घोडदळाचा सेनापती म्हणून गौरवले. त्याच वेळी त्याच्या मागे टिकाऊ राज्यव्यवस्था उभी राहिली नाही हा आक्षेप सरकारांच्या एकूण लेखनात सतत आहे. सरंजामाच्या जोरावर उभे केलेले सरदार पुढे स्वतंत्र संस्थानिक बनले, हे कोणालाही नाकारता येणार नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी निजाम-पेशवे संबंधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पानिपताची सूक्ष्म चिकित्सा केली. त्यांच्या लेखनाने मराठी वाचकांना विजयांच्या यादीपलीकडे जाऊन तहांची कलमे आणि त्यांचे दूरचे परिणाम तपासायला लावले. पालखेडला आणि पुन्हा १७३७-३८ मध्ये भोपाळला कोंडलेला निजाम दोन्ही वेळा सुटला आणि त्याचे राज्य मराठी सत्तेनंतरही टिकले. ही गोष्ट विचारात घेतल्याशिवाय पालखेडचे मूल्यमापन पुरे होत नाही.

सेनापतीला आदर्श बनवून त्याचे चरित्र पुन्हापुन्हा लिहिण्याची ही रीत युरोपात फार जुनी आहे, आणि तिथे हा मान मुख्यतः रोमच्या सेनापतींना मिळाला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इटलीत शिरून रोमचे सैन्य मोडले तेव्हा फेबियस मॅक्सिमसने लढाई टाळून त्याला थकवण्याचे धोरण धरले. स्किपिओने पुढे आफ्रिकेत जाऊन हॅनिबलला हरवले. पॉलिबियस, लिव्ही आणि प्लूटार्क यांनी त्यांची चरित्रे घडवली. सोळाव्या शतकात मॅकियाव्हेलीने दोघांची तुलना करून सांगितले की सावध फेबियस आणि धाडसी स्किपिओ आपापल्या काळाला शोभले, आणि रोमजवळ दोन्ही प्रकारची माणसे होती हे त्या प्रजासत्ताकाचे भाग्य. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनला अमेरिकेचा फेबियस म्हटले गेले. १८८४ मध्ये लंडनच्या समाजवाद्यांनी आपल्या संस्थेला फेबियसचेच नाव दिले. त्यांना लढाईशी काही कर्तव्य नव्हते, हवा होता तो संथ बदलाचा धीर. १९२६ मध्ये लिडेल हार्ट या ब्रिटिश लेखकाने स्किपिओला नेपोलियनहून थोर ठरवणारे पुस्तक लिहिले. पहिल्या महायुद्धातील खंदकांत लाखो माणसे समोरासमोरच्या हल्ल्यांत मेली होती, आणि शत्रूला बगल देऊन जिंकणाऱ्या सेनापतीचा शोध ती पिढी घेत होती.

बाजीरावाची जागतिक कीर्ती याच शोधातून आली. दुसऱ्या महायुद्धात अल अलामीन जिंकणारे फील्ड मार्शल मॉन्टगोमरी यांनी १९६८ मध्ये युद्धाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात पालखेडच्या मोहिमेला त्यांनी सामरिक गतिमानतेचा उत्कृष्ट नमुना म्हटले. वास्तविक मॉन्टगोमरी स्वतः सावध सेनापती. दारूगोळा आणि रणगाडे पुरेसे जमल्याशिवाय ते हल्ला करत नसत. त्यांनी बाजीरावाची तारीफ करावी याला म्हणूनच वजन आहे, कारण ती स्वतःच्या पद्धतीची तरफदारी नव्हती. फेबियसशी तुलना केली तर बाजीरावाचे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. दोघांनीही निर्णायक लढाई टाळली, पण फेबियसने ती स्वतः मंद चालून टाळली आणि बाजीरावाने वेगाने चालून. फेबियस आपल्याच देशात शत्रूच्या मागे राहिला. बाजीरावाने शत्रूला त्याच्याच देशात आपल्या मागे फिरवले.

मॉन्टगोमरींच्या त्या उल्लेखानंतर मराठीत बाजीराव म्हणजे पालखेड असे समीकरण रुजले. भारतीय लष्करातील अभ्यासकांनी मोहिमेचे नकाशे आणि अंतरे तपासली. कर्नल रा. द. पालसोकर यांचा बाजीरावाच्या घोडदळाच्या सेनापतित्वावरचा इंग्रजी ग्रंथ १९९५ मध्ये आला. सैनिकाने सैनिकाविषयी लिहिलेला हा ग्रंथ आहे आणि मोहिमेच्या तांत्रिक बाजूसाठी तो आजही उपयोगी पडतो. याच्या उलट टोकाला ना. सं. इनामदारांची राऊ ही कादंबरी. १९७२ मध्ये आलेल्या या कादंबरीने बाजीरावाच्या मस्तानीशी असलेल्या नात्याला मध्यभागी आणले आणि पेशव्याच्या घरातला, पुण्याच्या कर्मठ समाजाशी झालेला संघर्ष घराघरांत पोचवला. ज्या नात्याचा उल्लेख आधीच्या अनेक चरित्रकारांनी आवरता घेतला होता, ते नाते इनामदारांनी माणुसकीने रंगवले. हे त्यांचे मोठे यश, पण याचा एक परिणाम असा झाला की सेनापती मागे पडला. २०१५ मधील हिंदी चित्रपटानंतर तर सामान्य प्रेक्षकाच्या मनात बाजीराव प्रेमकथेचा नायक म्हणूनच ठसला.

आज उद्योगधंद्यांत काम करणाऱ्यांसाठी होणाऱ्या नेतृत्वविषयक व्याख्यानांत पालखेड पुन्हा आले आहे. वेग, माहिती, प्रतिस्पर्ध्याच्या कमजोर बाजूवर घाव आणि एकही लढाई न हरलेला सेनापती असा त्याचा गोषवारा दिला जातो, आणि लढायांची संख्या ४१ असल्याचे ठासून सांगितले जाते. हा गोषवारा खोटा नाही, पण तो अपुरा आहे, आणि अपुरेपणा नेमका शिकण्याजोग्या जागी आहे. १७३३ ची जंजिऱ्याची मोहीम त्यात कधीच येत नाही. सिद्दीचा तो जलदुर्ग घोडदळाने जिंकता येण्यासारखा नव्हता. आरमाराची भिस्त आंग्र्यांवर होती, आणि सेखोजी आंग्रे मोहीम चालू असतानाच मरण पावला. प्रतिनिधी आणि पेशवा यांच्यातली जुनी चुरस इथेही आड आली. पैसा संपला आणि जंजिरा हाती न येताच वर्षअखेरीस तह करावा लागला. जमिनीवर ज्या वेगाने निजाम हरला तो वेग समुद्रकाठी निरुपयोगी ठरला. अशी ठिकाणे पुढे चिमाजी आप्पाने वेगळ्या पद्धतीने घेतली. १७३९ मधला वसईचा वेढा संयमाचा, सुरुंगांचा आणि मोठ्या मनुष्यहानीचा होता. दोघा भावांचे गुण एकमेकांना पूरक होते आणि मराठी सत्तेला दोघांचीही गरज होती.

१ एप्रिल १७३१ ची डभोईजवळची लढाई हाही असाच वगळलेला भाग. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे याचे निजामाशी संधान होते आणि गुजरातच्या चौथाईवर त्याचा हक्क होता. बाजीरावाने त्याच्यावर चाल केली आणि दाभाडे मारला गेला. निजामाशी हातमिळवणी मोडली हा फायदा खरा, पण छत्रपतींच्या सेनापतीला छत्रपतींच्या पेशव्याने रणात ठार केले, आणि दाभाड्यांच्या घराची समजूत घालण्याचे काम शाहू महाराजांवर आले. नेता म्हणून बाजीरावाचा हिशेब मांडताना ही जमा-नावे दोन्ही बाजूंची असली पाहिजेत. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे तो वारला तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती, आणि त्याच्या मागे पुण्याच्या सावकारांचे मोठे देणे होते.

चरित्रकारांच्या या सगळ्या रांगेत सर्वांत भरवशाचे ठरतात ते कागदांजवळ राहिलेले लेखक: कर्जाची पत्रे न लपवणारा ग्रँट डफ, दप्तर उलगडणारे सरदेसाई, मोहिमेचे टप्पे मोजणारे दिघे आणि पालसोकर. त्यांच्या पुस्तकांत पालखेड एका चमत्कारासारखे येत नाही. पावसाळ्यानंतरची निघण्याची वेळ, वऱ्हाडातली उभी पिके, माहूर-वाशीमकडचे वळण, बऱ्हाणपूरची हूल, गुजरातेत पेरलेली बातमी आणि पुरंदरावर चिमाजीने धरलेला धीर या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. सिंदखेड, लोणार आणि मेहकर भागातल्या शाळांत मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी ही मोहीम पालखेडपासून न सांगता जालना-सिंदखेडपासून सांगावी, साखरखेर्ड्याची लढाई तिच्या आधी जोडावी आणि मुलांपुढे जिल्ह्याचा नकाशा ठेवावा.